रेडिओवरचा डेलबर्ट

पुराच्या तिसऱ्या सकाळी आम्ही टेकडीवरच्या चर्चमध्ये बेपत्ता माणसांची यादी करत होतो. रोज रेडिओवरून गावाला उठवणाऱ्या, नदीकाठी एकट्या राहणाऱ्या डेलबर्टचं नाव आलं, तशी म्हातारी ओपल कोपऱ्यात चालू असलेल्या रेडिओकडे बोट करून खेकसली, "त्याला कशाला शोधता? ऐका की, बँजो लावून लोकांचे वाढदिवस वाचतोय मेला! आपण बुडालोय, त्याचं आहे का ह्याला काही?"

सगळे हसले. नाव खोडून होडी दुसरीकडे पाठवली.

सोमवारी रेडिओ मुका झाला, तेव्हा कळलं की रेडिओ स्टेशनचे मालक त्याच्याकडून आठवडाभराचे कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून घेत.



त्याचं प्रेत खाली आणताना पाहिलं, पोटमाळ्याच्या खिडकीबाहेर त्याने बांधलेला लाल शर्ट अजून फडफडत होता.