फोनवरून वाईट बातमी

"पुन्हा एकदा," पडद्यावरच्या फ्रीदा बाई म्हणाल्या. "आणि या वेळी पाय हलवू नका, डॉक्टर. टेबल हलतंय, त्यामुळे तुमचा चेहराही हलतोय."

योरिसनं पाय आवरला. तो गुडघ्यांची ऑपरेशनं करणारा सर्जन. तीन आठवड्यांपासून ऑपरेशन थिएटर बंद होतं आणि त्याला कोविडच्या वॉर्डात पाठवलं होतं. भेटायला येण्यावर बंदी, म्हणून घरच्यांना फोन करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्यासाठीच हा दोन तासांचा ऑनलाइन वर्ग. पडद्यावर बारा चौकटी, बारा डॉक्टर, बेल्जियमभरातून. फ्रीदा बाई ब्रुसेल्समधल्या आपल्या स्वयंपाकघरातून शिकवत होत्या. मागे गॅसवर काहीतरी उकळत होतं.

सरावाला त्याच्या जोडीला गेंटची टिनेके होती. एरवी त्वचेचे रोग बघणारी. आत्ता तिनं रोग्याची बायको व्हायचं होतं.

"तुमच्या पतींची तब्येत खालावली आहे," योरिस म्हणाला. "व्हेंटिलेटरचा त्यांना उपयोग होणार नाही, असं आमचं मत आहे."

मग शिकवल्याप्रमाणे तो गप्प बसला. मनात दहा आकडे मोजायचे. चारवर असतानाच पाय पुन्हा सुरू झाला.

"समजलं, डॉक्टर," टिनेके म्हणाली. "आभारी आहे."

"छान जमलं!" फ्रीदा बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार ढकलून नर्स कात्रीन आत आली. "डॉक्टर, चौदा नंबरच्या बायकोचा फोन. सकाळपासून तिसऱ्यांदा. आता तरी घ्या."

चौदा नंबरचा कागद योरिसच्या पुढ्यातच होता. आल्फोन्स, वय एक्याऐंशी. तीन दिवस, तीन वेगवेगळ्या हातांची अक्षरं, मजकूर एकच: गोंधळलेला, विचारलेलं कळत नाही. त्याखाली आज सकाळच्या बैठकीतला निर्णय: आणखी बिघडल्यास व्हेंटिलेटर नाही. घरी कळवावे.

वर्ग संपला की तो फोन करणारच होता. त्यानं कॅमेरा बंद केला, फोन घेतला आणि उठून खिडकीपासून दारापर्यंत चालू लागला.

"मी डॉक्टर योरिस. तुम्ही बसल्या आहात ना?"

"बसते कुठली! नासपतीला फुलोरा आलाय आणि बागेत मी एकटी. आल्फोन्स, आमचा फोन्स, कसा आहे ते सांगा."

"त्यांची तब्येत खालावली आहे. ते खूप गोंधळलेले आहेत. आम्ही काय बोलतो ते त्यांना कळत नाही."

एक. दोन.

"गोंधळलेला? आमचा फोन्स?" तिचा आवाज चढला. "अहो, शब्दकोडं पेनानं सोडवतो तो! डॉक्टर, त्याच्या कानात मशीन आहे ना?"

योरिस थबकला. "कसलं मशीन?"

"कानाचं! त्याच्याशिवाय त्याला ढिम्म ऐकू येत नाही. ओठ बघून जरा कळतं, पण तुम्ही तर सगळे तोंड बांधून. चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं होतं हो मी. जास्तीचे सेलसुद्धा दिले होते."

यावर काय म्हणायचं, हे वर्गात झालं नव्हतं.

"फोन ठेवू नका," तो म्हणाला. "अजिबात ठेवू नका."

गाऊन चढवताना त्याचा पहिला हातमोजा फाटला. दुसराही फाटला. "सावकाश, डॉक्टर," कात्रीन पाठीमागच्या नाड्या बांधत म्हणाली.

"त्यांचं सामान कुठे आहे?"

"कपाटात, पिशवीत सील करून. ते आले त्या दिवशीच केलं. सगळ्यांचं करतो."

"सकाळच्या बैठकीतल्या डॉक्टरांना सांग, चौदा नंबरचं पुन्हा बघायचंय. तो निर्णय धरायचा नाही. आत्ता सांग, जा."

चालू फोन प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून तो आत गेला. म्हातारा डोळे उघडे ठेवून पडला होता. त्यानं योरिसकडे एकदा बघितलं आणि नजर पुन्हा छताकडे वळवली. असे पुष्कळ येऊन गेले होते.

डबी सापडली. दोन मशीनं, सेलची पट्टी. दुहेरी हातमोज्यांत ते इवलेसे सेल धरवेनात. एक निसटून पलंगाखाली गेला. योरिस गुडघ्यांवर बसून चाचपडत राहिला, मग तो नाद सोडून त्यानं दुसरा काढला. कसेबसे दोन्ही बसले. मशीनं कानांत सरकवताच बारीक शिट्टी वाजली आणि म्हाताऱ्यानं तोंड वेडंवाकडं केलं. त्याचा हात सावकाश वर गेला, कानापाशी थांबला.

योरिसनं फोन जवळ धरला. "बोला, बाई."

"फोन्स?"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. "मारिएत! कुठे आहेस तू?" ऑक्सिजनच्या मास्कमधून शब्द तुटत तुटत येत होते. "इथे कुणी माझ्याशी बोलत नाही. येतात, डोळे मोठे करून बघतात, जातात. तीन दिवस झाले. माझं काय झालंय, ते विचार तरी यांना."

"मी कशाला? डॉक्टर तिथेच आहेत. तूच विचार."

आल्फोन्सनं मान वळवली. मास्कच्या वर योरिसचे फक्त डोळे दिसत होते. तो त्यांच्याकडेच बघत राहिला.

"बोला, डॉक्टर," तो म्हणाला. "आता ऐकू येतंय."