वरचा गाळ

"धरणाच्या गाळातलं शिसं इथल्या मातीत मुळातच आहे," असा अहवाल लिहून प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो सहीसाठी हाताखालच्या रसायनतज्ज्ञ उल्काकडे सरकवला.

तिने नकाशा पाहिला. धरणाला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठी बॅटरीचा कारखाना होता. मातीत मुळात शिसं किती, हे कळायला कारखान्याच्या वरच्या बाजूचा गाळ लागतो. साहेबांनी नमुना उचलला होता तो कारखान्याचा सांडपाण्याचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्या खालच्या बाजूने.

"सर, हा नमुनाच खोटा आहे."

"वर गाडी जात नाही. सही करा."

उल्काची कानशिलं तापली. धरणाकाठच्या पाड्यावर पंधरा मुलांच्या रक्तात शिसं सापडलं होतं. सही न करताच ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती पायी डोंगर चढली. वाट दाखवायला पाड्यावरची बुधीबाई होती. त्या पंधरांत तिची लेक होती. ओढ्याच्या उगमाशी उल्काने गाळ घेतला.

"हितं पण इख निघालं तर?" बुधीबाईने विचारलं.

"तर साहेब खरे."

आठवड्याने आकडा आला. खालच्या गाळात वरच्यापेक्षा चाळीसपट शिसं होतं.

उल्काने स्वतःचा अहवाल टेबलावर आपटला. साहेब म्हणाले, "हा बाहेर जाता कामा नये."

"सकाळीच पाड्यावर वाचून दाखवला," ती म्हणाली. "सगळे खाली फाटकाशी उभे आहेत. मातीचं ते त्यांना तुम्हीच सांगा."