तंतोतंत तशीच

फिलोमीनने टोपलीला कुणाला हात लावू दिला नाही. गाडीतून स्वतःच उतरवली, हार्टवेलांच्या दिवाणखान्यात जमिनीवर टेकवली, आत निळं फडकं अंथरलं आणि बाजूला उभी राहिली.

"मावशी, अजून वेळ आहे. परत बेटावर नेऊ," भाची कॉलेट तिच्या कानाशी लागली. "टोपल्यांच्या पट्ट्या काढायला अॅश झाडाचा शेवटचा चांगला ओंडका होता तो. बाकी झाडं किडीने खाल्ली. तीन आठवडे विणलीस, आणि काल चाकू घेऊन..."

"गप बस गं. विणली मी, कापली मी."

एल्टन हार्टवेलने बापाच्या शेतघराचं आता पाहुण्यांसाठी हॉटेल केलं होतं. उद्घाटनाला वीसेक माणसं हातात ग्लास घेऊन उभी होती. भिंतीवर म्हातारा हार्टवेल फोटोत ताठ बसला होता, पायात गुडघ्यापर्यंत बूट.

"वडिलांच्या काळी," एल्टन सगळ्यांना सांगू लागला, "बेटावरच्या मिकमॅक आदिवासी बायका गोठलेल्या समुद्राच्या बर्फावरून चालत याच दाराशी टोपल्या विकायला यायच्या. मी फिलोमीनला एवढंच म्हटलं, तेव्हा होती तंतोतंत तशीच हवी."

"तशीच आहे," फिलोमीन म्हणाली. "शब्दाला पक्की आहे मी."

एल्टनने लाल मातीतले बटाटे टोपलीत काठोकाठ ओतले. टोपलीचे दोन्ही कान धरले, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि टोपली उचलली.

टोपली वर आली. बटाटे आणि फडकं जमिनीवरच राहिले. मग ढीग ढासळला आणि बटाटे गडगडत सोफ्यांखाली गेले.

"तळ... तळ कुठाय हिचा?"

"तुझ्या बापाच्या बुटात बघ, तिथेच अडकला असेल. माझ्या आईने टोपली पुढे केली, तर 'बघू किती मजबूत आहे' म्हणून त्याने याच उंबऱ्यावर टोपलीत पाय घातला. नुसतं कडं राहिलं. ते खांद्याला अडकवून आई बर्फावरून घरी आली."

पासष्ट वर्षं फिलोमीनने हा डूख मनात धरला होता. तिला वाटलं होतं, बोलताना आवाज कापेल. कापला नाही. उलट फार बरं वाटलं.

"अगं, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो," एल्टन हळूच म्हणाला.

"मीही सहाचीच होते. आईच्या झग्यामागे मी, बापाच्या पायामागे तू. आणि तू हसत होतास."

एल्टनने हातातलं ते कडं फिरवून पाहिलं. मागे एका पाहुणीला हा सगळा कार्यक्रमाचाच भाग वाटला. ती खदखदून हसली.

"हां," फिलोमीनने तिच्याकडे बोट दाखवलं. "तंतोतंत असाच."