गाण्याखालचा आवाज

“ह्यात ती बाई फारच पुढे येते,” ओसोफो-मामे म्हणाली. तिने इअरफोनची बोंडं कानातून काढली आणि वायर नीट गुंडाळून काउंटरवर ठेवली. “दुसरी जोडी दे.”

एबोने दुसरी काढली. केप कोस्टच्या कोतोकुराबा बाजारात त्याचं दुकान जेमतेम दोन वर्षांचं. पण ऐकवल्याशिवाय माल विकायचा नाही, ही त्याची रीत गावभर झाली होती. काउंटरवर एक जाड वही असे. गिऱ्हाइकाने जोडी ऐकायची, खर्ज कसा, गळा कसा, वरची धार कानाला लागते का, ते दोन ओळींत लिहायचं आणि खाली नाव घालायचं. ओसोफो-मामेने चार शुक्रवारांत वहीला हात लावला नव्हता. हवं ते ऐकू आलं की लिहीन, म्हणायची.

ओसोफो-मामे म्हणजे पाद्रीणबाईच. सगळा बाजार तिला तशीच हाक मारी, म्हणून टाकोराडीहून आलेला एबोही मारी.

दर वेळी ती जुन्या मोबाइलमधलं एकच रेकॉर्डिंग लावे. नऊ वर्षांमागचं, नवऱ्याचं शेवटचं प्रवचन. एबोलाही ते पाठ झालं होतं. पाद्रीबाबा रंगात येतात, कृपेच्या नदीपर्यंत पोचतात आणि एका वाक्यावर अडखळतात. अशा वेळी इथल्या चर्चमध्ये नेहमी होतं तेच होतं. बाकांवरून एक बाई उठते, प्रवचनाचा सुटलेला धागा उचलते आणि गाऊ लागते. सगळी मंडळी झील धरतात. सांगणारा दम खातो, देवाचं सांगणं खंडत नाही. त्या दिवशी मात्र गाणं संपलं तेव्हा पाद्रीबाबा खुर्चीत मान टाकून बसले होते. लोकांना वाटलं, तल्लीन झालेत.

“गाण्याच्या खाली ते काहीतरी बोलताहेत,” तिने पहिल्याच शुक्रवारी सांगितलं होतं. “माईक हातातच होता. त्यांनी तिला थांब म्हटलं का, एवढंच मला कळायला हवं.”

एबोने कामच हाती घेतलं. स्वस्तातल्या जोड्यांत ढोलकी फुगून सगळं गिळून टाकायची. त्याच्या वरच्या जोड्यांत ती बाई अशी छातीवर येऊन गायची की मागचं काही उरायचंच नाही. फार महागाच्या तो ठेवत नसे; ह्या बाजारात त्या धूळ खातात. राहिल्या मधल्या भावाच्या. त्या तो एकेक करून तिच्यापुढे मांडत होता.

मध्ये एकदा तिचं मन हलकं करावं म्हणून तो म्हणाला, “काही बायकांना कुठे थांबावं ते कळतच नाही, मामे. माझी एक आत्या होती. तिच्या गाण्यापायी टाकोराडीचे पाद्री दुपार टळल्यावर जेवायचे.”

ती हसली नाही. “बरोबर बोललास. कळत नाही. एकदा वळून बघितलं असतं, तर कोणी घोटभर पाणी तरी दिलं असतं.”

तुम्ही नाही का गात, असं त्याने सहज विचारलं. घसा गेला माझा, म्हणाली, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. ऐकताना तिचे डोळे मिटलेले असत. गाणं सुरू होण्याच्या किंचित आधी ती छाती भरून श्वास घेई आणि तो तसाच कोंडून धरी. इतकं ऐकल्यावर होणारच, असं एबोला वाटे.

पाचव्या शुक्रवारी नवा माल आला. पिळाची वायर, धातूची छोटी डबी, किंमत दोनशे ऐंशी सेडी. एबोने आधी स्वतः ऐकली आणि त्याचा चेहरा उजळला. खर्ज आवळलेला, गळा जागच्या जागी, प्रत्येक आवाज दुसऱ्यापासून हातभर दूर. पाद्रीणबाई आली तशी त्याने ती जोडी पुढे केली.

तिने ऐकलं. मग तिची बोटं काउंटरच्या कडेवर घट्ट झाली.

“आहे. कुजबुज आहे. शब्द लागत नाहीत रे. माझे कान म्हातारे झाले. तू ऐक.”

एबोने बोंडं पुसून कानात घातली. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. ढोलकी एका बाजूला, मंडळींची झील दुसऱ्या बाजूला, मधोमध ती बाई. आणि तिच्या पायाशी बसल्यासारखा एक थकलेला पुरुषी आवाज, अगदी स्वच्छ.

*थांबू नकोस, मेन्सिमा. माझी मेन्सिमा. तू गातेस तोवर मला भीती नाही.*

एबोने बोंडं काढलीच नाहीत. ऐकत असल्यासारखा तो मान खाली घालून उभा राहिला. प्राण जाताना पाद्रीबाबांच्या तोंडी त्या गाणाऱ्या बाईचं नाव, तेही असं. आणि ही बिचारी नऊ वर्षं त्या बाईला बोल लावत त्यांचा शेवटचा शब्द शोधतेय. त्याच्या आईने त्याला खोटं न बोलण्याची शपथ घातली होती. पण विधवेचं मन राखणारं एवढं खोटं देव पदरात घेईल, असं त्याला वाटलं.

“थांब म्हणाले का?” तिने विचारलं.

“हो, मामे,” एबो म्हणाला. “थांब म्हणाले. दोनदा.”

“दोनदा.”

“स्पष्ट.”

तिने मोबाइल बंद केला. मग तिने वही मागितली, चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलीसारखी जपून, थांबत थांबत दोन ओळी लिहिल्या. जोडी तिने घेतली नाही. आता मला काय करायची, म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली. रस्त्यापलीकडच्या भरलेल्या ट्रोट्रोत ती चढली, दार सरकलं, गाडी हलली. एबोला आपण एक पुण्याचं काम केल्यासारखं वाटत होतं. त्याने वही आपल्याकडे फिरवली.

*खर्ज चांगला. गळा स्वच्छ. खालचं सगळं ऐकू येतं. — मेन्सिमा.*