गाडीची जागा

तुम्हीच पाडलंत ते घर, इंजिनिअरसाहेब. स्टेशनला खेटून असलेलं, दोन खोल्यांचं, चांगलं नांदतं घर. का, तर नव्या इमारतीला नियमाप्रमाणे गाड्या लावायला जागा कमी पडत होती. त्या घरातली मावशी हातापाया पडली. तुमच्या माणसांनी तिच्या आजारी नवऱ्याला खाटेसकट उचलून बाहेर ठेवलं. भाड्याच्या खोलीत त्यानं पंधरवडाही काढला नाही.

इमारत उभी राहिली. पण स्टेशन दारात असताना गाडी घेतो कोण? पार्किंग ओस पडलं. मावशी मात्र रोज दुपारी यायची, पांढऱ्या पट्ट्यांच्या एका रिकाम्या चौकटीबाहेर चपला काढायची आणि आत जाऊन बसायची.

"मावशी, गाडी नसेल तर इथं थांबायचं नसतं हं," वॉचमननं एकदा चेष्टा केली.

"थांबत नाही रे बाबा. ह्यांना औषध पाजलं की निघालेच."

त्या दिवसापासून वॉचमन त्या चौकटीला वळसा घालून जाऊ लागला.

काल तुम्ही टेप घेऊन आलात, बुटांसकट त्याच चौकटीत उभे राहिलात आणि बिल्डरला म्हणालात, "कायदा बदललाय. स्टेशनजवळ पार्किंगची सक्ती नाही आता. इथं भिंती घाला, दोन-दोन खोल्यांची झकास घरं निघतील."

"घरंच बांधायची होती, तर आमचं पाडलंत कशाला?" मावशीनं विचारलं.

तुम्ही मान खाली घालून काहीतरी पुटपुटलात.

"मोठ्यानं सांगा, साहेब. तुम्ही ह्यांच्या उशाशी उभे आहात, आणि ह्यांना कमी ऐकू येतं."