एकेचाळीस सेकंद

"एकेचाळीस सेकंद," साहेबांनी घड्याळ मास्तरांच्या नाकासमोर धरलं. "या यार्डात इतक्या झटपट डबे जोडलेले मी तरी पाहिले नाहीत."

मुलगी दोन डब्यांच्या मधून वाकून बाहेर आली. तिने हातमोजे काढले आणि घाम पुसताना कपाळावर ग्रीसचा पट्टा ओढून घेतला. परीक्षेचा कागद मास्तरांच्या उजव्या हातात होता आणि डावा हात खिशात. त्या हाताला दोनच बोटं उरली होती, आणि त्यांचं प्रदर्शन मांडायची मास्तरांना हौस नव्हती.

सकाळपासून मुलगी कुठे अडली नव्हती. टेबलावर डबे जोडायच्या कपलिंगचे नमुने मांडले होते. तिने जगभरच्या तऱ्हा घडाघडा सांगितल्या. कुठे दोन लोखंडी मुठी आपसूक एकमेकींत अडकतात, कुठे डोंगरातल्या चिमुकल्या गाड्यांना मधोमध धक्का झेलणारा एकच बफर आणि त्यावरच आकडा, कुठे विजेच्या गाड्या जुळताना हवेचे पाइप आणि तारासुद्धा जुळून येतात. "आपल्याकडे मात्र अजून आकड्यात कडी टाकून स्क्रू पिळायचा, आणि त्यासाठी माणसाने मधे शिरायचं," ती म्हणाली होती. साहेब खूश झाले होते. मास्तरांनी नुसतं पुढचं पान उलटलं होतं.

मग यार्डातली परीक्षा झाली. इंजिनाने डबा हळूच मागे आणला. बफरला बफर भिडले, धक्का बसला, आणि त्यासरशी मुलगी आत शिरली. कडी टाकली, स्क्रू पिळला, बाहेर आली. परीक्षा आहे म्हणून ड्रायव्हर बिचारा ब्रेक घट्ट दाबून जागच्या जागी थांबला होता. साहेब घड्याळाकडे बघत होते. बाकीचे उमेदवार तिच्या हातांकडे बघत होते. मास्तर तिच्या पायांकडे बघत होते.

ती भोंग्याची मुलगी होती. भोंगा म्हणजे जुना ड्रायव्हर. इंजिनाचा कमी आणि स्वतःचा जास्त वाजवायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मास्तर त्याच्या गाडीवर डबे जोडायचे. एके दिवशी भोंग्याने खिडकीतून हात करून त्यांना आत बोलावलं, आणि ते आत असतानाच डबा पुन्हा मागे रेटला. तीन बोटं दोन बफरांच्या मधे राहिली. चौकशीत भोंग्याने शपथेवर सांगितलं, मी बोलावलंच नव्हतं, हा आपणहून घुसला. कागदोपत्री मास्तर बेफिकीर ठरले. त्यांना यार्डातून उचलून शिकवायला बसवलं, आणि भोंगा सन्मानाने निवृत्त झाला. ते खोटं मास्तर एक दिवसही विसरले नव्हते. भोंग्याचं काहीतरी मोडावं, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत मोडावं, एवढी एकच इच्छा त्यांनी एकोणीस वर्षं जपली होती.

आज तशी संधी आयती ताटात वाढून आली होती. कागदावर दोनच रकाने होते, पास आणि नापास. मास्तरांनी आनंदाने पेनाचं टोपण दातांनी उपसलं. समोर मुलगी दहाही बोटं एकमेकांत गुंतवून निकालाची वाट बघत उभी होती. मास्तर बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, नापास.

तासाभरात भोंगा ऑफिसात येऊन थडकला. मागोमाग मुलगी आली आणि दारातच थांबली.

"एकेचाळीस सेकंदांत डबे जोडणारीला नापास?" तो टेबलावर हात आपटत म्हणाला. "तुझ्या बोटांचा राग माझ्या पोरीवर काढतोस? सूड घ्यायचा तर माझ्यावर घे. तिने तुझं काय घोडं मारलंय?"

साहेब मान खाली घालून फाइल चाळू लागले. त्यांनाही मनातून तसंच वाटत होतं.

मास्तरांनी आवाज चढवला नाही. "पहिल्या धक्क्यालाच आत शिरायचं, हे तिला कोणी शिकवलं?"

"मी शिकवलं. दुसऱ्या कोणाची टाप आहे?" भोंग्याने छाती फुगवली. "दुसऱ्या धक्क्याची वाट बघत बसतात ते भित्रे. माझ्या गाडीवर सगळे पहिल्यालाच शिरायचे. मी खिडकीतून हात केला की..."

तो मधेच थांबला. साहेबांनी फाइल मिटली. दारातली मुलगी बापाकडे बघत होती. मास्तर आपणहून आत घुसले होते, हे तिने घरी लहानपणापासून ऐकलं होतं.

बफर नीट आवळून बसावेत म्हणून पहिल्या धक्क्यानंतर ड्रायव्हर डबा पुन्हा एकदा रेटतो. मधे शिरायचं ते त्यानंतर. यार्डात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आजच्या ड्रायव्हरने परीक्षा म्हणून रेटला नव्हता. नोकरीवर रुजू झाल्यावर कोणीतरी रेटणारच होता.

भोंग्याला हे कळायला थोडा वेळ लागला. मग तो समोरच्या खुर्चीत मटकन बसला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हणजे तू सूड म्हणून नाही केलंस हे?"

"सूड तर घ्यायचाच होता रे," मास्तर म्हणाले. "त्यासाठी मला तिला फक्त पास करायचं होतं."