डोक्यावरची वीतभर जागा

मुलाचं कपाळ पुन्हा तुळईवर आपटलं आणि वडिलांनी त्याच सकाळी गवंड्याला बोलावणं धाडलं.

घराण्यात सगळे बुटके. हा ताडमाड कुणावर गेला, यावरून आईवडिलांची अजून जुंपायची. आईने तुळईला जुनी उशी बांधली होती. मुलगा येता-जाता ती बाजूला सारून लाकडावर बोटं फिरवायचा, वर बघत राहायचा. मध्यंतरी त्याने आईवडिलांचा पलंग आतल्या खोलीत हलवला आणि स्वतः तुळईखाली झोपू लागला. पोरगं वेगळं राहायची सवय करतंय, असं वडिलांनी धरून चालायला सुरुवात केली.

त्यात दूरच्या शहरातली चांगली नोकरी चालून आलेली. मुलगा नुसतं ‘बघू’ म्हणायचा. घराला तो विटलाय, फक्त तोंडाने बोलत नाही, असं वडिलांनी मनाशी पक्कं केलं होतं. एकुलता एक मुलगा एका लाकडापायी हातचा घालवायचा म्हणजे काय!

छताला टेकू लागले. गवंड्याने सगळ्यांना बाहेर काढलं. आई देव पाण्यात घालून पायरीवर बसून राहिली. जुनी तुळई छताच्या वीतभर खाली यायची. नवा लोखंडी गर्डर छताच्या आतच बसला. टेकू निघाले, छत केसभरही खचलं नाही, तेव्हा कुठे वडिलांचा जीव भांड्यात पडला.

“बरं झालं, वेळेत बदललीत,” गवंडी म्हणाला.

वडिलांनाही अगदी तेच वाटत होतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. सवयीने वाकला, मग हळूहळू सरळ झाला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताठ मानेने चालत गेला. हे भक्कम आहे ना, असं त्याने अवजारं आवरणाऱ्या गवंड्याला दोनदा विचारलं. वर हत्ती नाचवा, असं गवंड्याने सांगितल्यावर तो कित्येक महिन्यांनी खळखळून हसला. आईने डोळे पुसले. वडिलांना वाटलं, जिंकलो.

“आता बरं वाटतंय ना रे?” त्यांनी विचारलं.

“सुटलो, बाबा.” मुलगा मटकन खाली बसला. “ती तुळई आतून चिरली होती. बोललो असतो तर तुमची झोप उडाली असती. तुम्हा दोघांना तिच्याखाली सोडून जायला माझा जीव धजत नव्हता. उद्याच नोकरीला होकार कळवतो.”